एआयले दिलेली एक ओळ

हसू नका लेको, त्या दिवशी आम्ही लयच फसलो होतो. मोताळ्याच्या एका जिनिंग मिलवर शेतकऱ्यांचे फोन आता एआय घेते, अन् कापूस आणायचा दिवसही डेटाबेसमध्ये तेच लिहिते. ते बसवून देणारे आम्ही दोघं. माझ्या पार्टनरनं, निलेशनं, त्याले नोंद बदलायचं टूल दिलं अन् माहिती म्हणून एकच ओळ लिहिली: 'शेतकऱ्याची नोंद बदलते.'

मी म्हटलं, "नीट लिही न बे."

तो म्हणे, "एआय हाय ते, त्याले काय समजत नाही?"

सकाळी धामणगाव बढ्याच्या प्रल्हादकाकांनी फोन करून आपला मोबाईल नंबर बदलून घेतला. दुपारी ते कापसाची गाडी घेऊन गेटवर, अन् स्क्रीनवर त्यांचा नुसता नंबर! नाव, गाव, दिवस, सगळं कोरं. टूल आख्खी जुनी नोंद पुसून नवी लिहिते, हे एआयले कोणी सांगितलंच नव्हतं. मागं गाड्यांची रांग, वर आभाळ भरलेलं. चौकीदार म्हणे, "नाव नाही त गाडी बाजूले घ्या." मले एकच धाकधूक, सकाळपासून अजून किती जण पुसल्या गेले असतीन?

कसंबसं कालच्या बॅकअपवरून सगळ्या नोंदी परत आणल्या अन् काकांची गाडी आत घेतली. मग निलेशनं टूलच्या माहितीत लिहिलं: 'जे दिलं नाही ते पुसल्या जाते. आधी जुनी नोंद वाच, एकेक गोष्ट शेतकऱ्याले विचार, मगच लिही.'

बॅकअपमध्ये नंबर जुनाच होता, म्हणून काकांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा एआयले फोन लावला. पाचच मिनिटांत माझा मोबाईल वाजला. काका तापलेले.

"काऊन रे, तुमचं यंत्र विचारून राह्यलं, वडिलांचं नाव तेच ठेवू का? त्याले सांग, म्या मोबाईल बदलला, बाप नाही!"