दुधीला चप्पल बांधणारं गाव

मंडळी, ऐका! न कळता चूक झाली तर देव पोटात घालतो. बरोबर? पण कळूनही न कळल्याचं सोंग करणारा — त्याला कुठल्या देवळात जागा? डोकी खाजवू नका, गोष्ट ऐका.

एक गाव होतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रांगेतले चौघं पाणी प्यायला उठतील! गावाशेजारी लोखंडावर मुलामा चढवणारा कारखाना. त्याचं सांडपाणी नाल्यात, नाल्याचं पाणी मळ्यात. गाव गप्प का? अहो, मालकानं देवाला मुलामा चढवलेलं नवं मखर फुकटात दिलं होतं! असं चकचकीत, की लोक देवाला विसरून त्यात आपल्याच मिशा बघायचे.

त्या गावात भागुजी. बायको हौसा आदल्या साली गेली. माहेरून आणलेला दुधीचा वाण होता तिचा — आखूड, गोड. दिवेलागणीला वेल फुलला की हौसा नर फूल खुडायची, मादी फुलावर घासायची आणि म्हणायची, "लागलं गं बाई तुझं लगीन!" ती गेली, तेव्हा गाडग्यात मूठभर बी उरलं. भागुजीला एवढंच हवं होतं — हौसाचा वाण मोडू नये.

त्यानं थोडं बी मळ्यात टोकलं. वेल फुलला. हा रोज फूल घासतोय, पण बोटाला पिवळी पूडच लागेना! मादी फुलं सुकायची, गळायची.

बाजीराव तात्या सरपंच म्हणाले, "नजर लागली! वेलाला फाटकी चप्पल बांध."

बांधली! साऱ्या गावाचं तेच रडगाणं, म्हणून साऱ्या गावानं बांधल्या. मळ्यात दुधी एक नाही, चपलाच चपला!

शेवटी भागुजी फुलं आणि बाटलीभर पाणी घेऊन कृषी महाविद्यालयात गेला. तपासणी झाली. तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, पाण्यात शिसं आहे, कॅडमियम आहे. मुळांतून वर चढतं. फुलातले परागकणच मेलेत. जे जगलेत ते मादी फुलात रुजत नाहीत. फळ धरेल कसं? आणि धरलंच, तर त्यातही हे विष उतरू शकतं."

"मग त्या चपला?"

"पायात घाला, काका."

भागुजीनं हे गावसभेत सांगितलं. तात्या हसले. "शहरातली बाई! तिला मातीतलं काय कळतं?" मागून शेजारचा नामा म्हणाला, "हौसा गेल्यापासून ह्याचं डोकं फिरलंय."

"फिरलं असेल," भागुजी म्हणाला. "पण तात्या, तुमच्या परसातला दुधी तर लगडलाय. त्याला चप्पल कशी नाही बांधली?"

"तो... घरापुरता आहे."

"पाणी कुठलं त्याला?"

"विहिरीचं."

"आणि तुझ्या परसाला, नामा?"

"विहिरीचंच," नामा पुटपुटला. घरोघरी विहिरीचं! आणि नाल्यावर पिकलेली मेथी, पालक, वांगी सगळी बाजाराला!

कळलं का मंडळी? ह्यांना आधीच ठाऊक होतं! बाजारात गेले की अडाणी, आणि घरच्या ताटापुरते सगळे शास्त्रज्ञ! वा रे भक्त!

तात्या गुरगुरले, "मग काय, मखर परत करायचं?"

"करा की. देवानं कुठं मागितलं होतं?"

उठली ती तात्यांचीच बायको, सुलोचनावहिनी. "भाऊजी, उरलेलं बी आणा. आमच्या विहिरीच्या कडेला टोका. हौसाच्या हातचा दुधी खाल्लाय मी."

"अगं, पण —"

"तुम्ही मखर पुसत बसा!"

विहिरीकडेला दुधी धरला. भागुजीनं खुडला नाही. बियाण्यासाठी वेलावरच वाळू दिला. रोज जाऊन नुसता हात लावून यायचा. आणि नाला? वाहतोय अजून. गावाला पाझर फुटला नाही.

हसलात ना तात्यांना? पोटभर हसा. आता कीर्तनानंतर पंगत आहे. येताना चुलीवर भाजीची दोन पातेली दिसली मला — एक पंगतीचं, एक घरच्यांचं. दोन कशाला, ते विचारत नाही. पण ज्यानं भाजी दिली, त्यानं पंगतीच्या पातेल्यातली पहिली वाढ आपल्या नातवाच्या पानात घालावी. इथं, माझ्यासमोर. तोवर मी पानावर बसत नाही.