समुद्राला रविवार कळतो का?

...आणि वर मलाच विचारतात, या वयात त्या यंत्राच्या नादाला कशाला लागलात? अहो, लागलो नसतो. पण तुम्हाला सांगतो, माणूस अवकाशात जाऊन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून परत आला, आणि इथे अंधेरीत, समुद्रापासून पाऊण मैलावर राहून, उद्या दारात ताजं पापलेट येणार की परवाचा बांगडा, हे सांगणारा एक माणूस नाही... याचा राग येऊ नये? मला आला. एकोणीसशे त्रेसष्ट, तेरा जानेवारी, रविवार. जेवताना दुसऱ्या घासाला आला. नोंद आहे माझ्याकडे.

त्या दिवसापासून वही घातली. आमच्याकडे मासे घेऊन येते ती वेसाव्याची पुतळाबाई, सकाळी नवाच्या ठोक्याला. तेव्हा मी ऑफिसच्या दिवशी संध्याकाळी बायकोला, म्हणजे कुंदाला, विचारून लिहायचो आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः दारात उभा राहून. रकाने सहा. तारीख, मासा, तिथी, भरतीची वेळ, वारा, आणि शेवटचा रकाना चव. चवीचे प्रकार तीन : उत्तम, बरी, आणि असो. 'असो' म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या, मी घरात कधी बोललो नाही. सोमवार-गुरुवार वगळले, श्रावण वगळला, पावसात होड्या ओढून ठेवतात ते दिवस वगळले, तरी नऊ वर्षांत चौदाशे बारा नोंदी झाल्या! शिवाय रेडिओवर कुठलं स्टेशन किती खरखरतं, डोक्यावरून विमानं किती वाजता जातात, हेही होतंच... अशा बावीस वह्या, एका पत्र्याच्या ट्रंकेत.

आणि त्या ट्रंकेवरून तर सगळं सुरू झालं. कुंदाला त्या कोपऱ्यात शिवणयंत्र ठेवायचं होतं. आठ वर्षं ती काही बोलली नाही, नवव्या वर्षी शांतपणे म्हणाली, "दिवाळीपर्यंत या वह्यांतून काही निघालं तर ठेवा. नाहीतर रद्दीवाला." शांतपणे म्हणाली, म्हणून घाबरलो. ओरडली असती तर सोडून दिलं असतं.

आता काढायचं कसं? चौदाशे नोंदी, सहा रकाने, आणि मी एकटा, चष्मा लावून! मग कुंदाचा धाकटा भाऊ आठवला, नंदकिशोर. तो फोर्टातल्या एका मोठ्या कचेरीत कॉम्प्युटरवर असतो. त्याच्या साहेबांना सांगून, शनिवारी दुपारी यंत्र रिकामं असतं तेव्हा, त्याने मला आत नेलं. काय सांगू तुम्हाला! चपला बाहेर काढायच्या. आत इतका गारठा की मला नंदकिशोरचा स्वेटर घालावा लागला. गोदरेजच्या कपाटांसारखी कपाटं, आणि सगळी मिळून घूं घूं करतायत... मी हात जोडले. नंदकिशोर म्हणाला, "भावोजी, देऊळ नाही हे." म्हटलं, असू दे रे, मी सवयीने जोडले.

पण त्या यंत्राला वही वाचता येत नाही, बरं का. त्याला पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून द्यावी लागतात, एका नोंदीला एक कार्ड. भोकं पाडायला तिथे क्षमा नावाची मुलगी होती, तिने चार महिने डब्याच्या सुट्टीत माझं काम केलं. शेवटचं कार्ड हातात देताना म्हणाली, "काका, आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही, आणि मी तुमचे चौदाशे मासे भोसकले." पुण्यवान मुलगी. तिचीही नोंद आहे माझ्याकडे.

दिवाळीला तीन आठवडे उरले आणि नंदकिशोर घरी आला, धोतराच्या पानासारखा घड्या घातलेला लांबच लांब कागद घेऊन. म्हणाला, "भावोजी, तिथीचा काही संबंध नाही. भरतीचा नाही. वाऱ्याचाही नाही."

नऊ वर्षं, आणि काहीच नाही? कुंदा पोळ्या लाटत होती, तिने ट्रंकेकडे नुसतं बघितलं.

"पण एक गंमत आहे," नंदकिशोर म्हणाला, "तुमचे जवळजवळ सगळे 'असो' रविवारी पडतात."

रविवारी! आता तुम्हीच सांगा, समुद्राला रविवार कळतो का? पण मी हसलो नाही, मी विचार केला. रविवारी कारखाने बंद, म्हणजे धूर कमी, म्हणजे हवेत फरक, म्हणजे पाण्यात फरक... की विमानांची संख्या? विमानांची नोंद आहे माझ्याकडे, ताडून बघता येईल! तर नंदकिशोर म्हणतो, "सव्वीस जानेवारीलाही 'असो' आहे. महाराष्ट्र दिनालाही 'असो'. भाऊबीजेलाही." घ्या! म्हणजे समुद्राला सरकारी सुट्ट्याही कळतात? "आणि भावोजी, अडुसष्टच्या मार्चमध्ये तर ओळीने अकरा 'असो' आहेत."

ते मला आठवत होतं. पाय प्लॅस्टरमध्ये होता, मी दारातच खुर्ची टाकून बसायचो. वहीत लिहिलं होतं, 'वायव्येचा वारा, त्यामुळे असावे.'

कुंदाचं लाटणं थांबलं. मागे न वळता तिने विचारलं, "त्या अकरा दिवसांत दार कोणी उघडलं होतं?"

...तुम्हाला सांगतो, त्या यंत्राची घूं घूं मला तेव्हा माझ्या कानात ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाईला गाठलं. म्हटलं, बाई, नऊ वर्षं मी सुट्टीच्या दिवशी तुझ्याकडून शिळा मासा घेतोय? ती जराही बावरली नाही. टोपली खाली ठेवून, पदराने तोंड पुसून म्हणाली, "दादा, तुमची बाय माशाचा कल्ला उघडून बघते. लाल नसला तर टोपलीत फेकून देते. तुमी कवा कल्ला उघडलाय? तुमी भरती विचारता, वारा विचारता. भरतीचं विचारलं, त्याला भरतीचं सांगितलं. खोटं सांगितलं काय एक दिवस?"

नाही. तेच तर! भरतीच्या वेळा नऊ वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत तिच्या. मी छापील कोष्टकाशी ताडून बघितल्या आहेत. नोंद आहे माझ्याकडे.

मी नंदकिशोरला म्हटलं, हे आपल्यातच ठेव. त्याने क्षमाला सांगितलं, क्षमाने कचेरीला. पण ट्रंक राहिली, हं! कुंदा शब्दाची पक्की. म्हणाली, "निघालं ना काहीतरी वह्यांतून." आणि शिवणयंत्र आणून तिने ट्रंकेवरच ठेवलं. आता जुनी वही काढायची तर आधी तिला उठवावं लागतं.

आणि रविवारी नऊला बाहेरून पुतळाबाईची हाक आली की मी मोरीत जाऊन उभा राहतो, ती जिना उतरून जाईपर्यंत. शास्त्र म्हणजे शास्त्र. गेल्या रविवारची नोंद वाचून दाखवतो : 'मासा पापलेट. चव उत्तम. भरती, वारा माहीत नाही. मी मोरीत होतो.'