गल्लीतला हँडपंप

धंतोलीत हाडांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"खांदा कशानं गेला वं, प्रेमिला?"

"पाणी वाहू वाहू. पार नाल्यापलीकडून आणा लागते."

"काहून? तुमच्या गल्लीत तं हँडपंप हाय. टूरवाल्याच्या व्हिडिओत पाह्यला मी."

"लाकडाचा हाय तो. पिक्चरवाल्यायनं शूटिंगसाठी उभा केला."

"मंग उपटून फेका ना."

"टूरवाला हात लावू देत नाही. दर रविवारी गाडीभर लोकं आणते, हिरोइन इथंच पाणी भरे म्हणून दाखवते."

"अन् टँकर?"

"बंद केला कार्पोरेशनच्या साहेबानं. म्हणे, तुमच्या गल्लीत हँडपंप हाय."

"नकली हाय म्हणून सांगतलं नाही?"

"सांगतलं ना. हापसूनही दाखवला."

"मंग?"

"मंग त्यानं दांडा धरून फोटो काढून घेतला."