करकरणाऱ्या वहाणा

कर्जतच्या बाजारात वहाणांच्या दुकानी माझ्यापुढे दोघे होते: सायकलवरून गावोगाव देवी टोचत फिरणारा येसाजी आणि त्याची आंधळी आई.

"दादा, पायडलवरून घसरू नयेत आन् सायकल पायथ्याला ठेवून कोंडाणे लेण्यांकडल्या वाडीची चढण चढताना चावू नयेत, अशा वहाणा द्या."

"ह्या घे रं. झ्याक करकरत्यात."

"करकर नको, आये. आवाज आला की वाडीतल्या बाया पोरं दडवत्यात."

"दडवू देत. तू घरी आलास ते मला त्या करकरीनंच कळतं."

"गेल्या साली अशीच दडवलेली पोर देवीत गेली."

"काय नाव तिचं?"

"मैना."

म्हातारीने हातातली वहाण खाली ठेवली.

"दादा, न वाजणाऱ्या द्या याला. येसा, दारात आलास की हाक मारत जा रं."