हळू बोल

कान दुखतो म्हणून दवाखान्यात आलेल्या शिंपीणबाईंना समोरच्या जोडप्याचं बोलणं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नवऱ्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे बायको ओरडूनच बोलत होती.

“लेकीचा फोन आला होता! गोड बातमी आहे!”

“कोणाची मामी?”

“मामी नाही हो, बातमी! तुम्ही आजोबा होणार!”

“अगं, मग सकाळीच सांगायचं ना!”

“सांगितलं की! तुम्ही म्हणालात, कुंड्यांना पाणी घातलंय!”

अख्खी खोली हसली. डोळे पुसत नवराही हसला.

“पुढच्या महिन्यात रिटायर झालो की तिच्याकडेच जाऊ. बाळाला मी सांभाळीन.”

“आणि ते रडलं तर ऐकू कोणाला येणार?”

“म्हणून तर इथे आलोय. छापखान्यातल्या मशीनने कान खाल्ले खरे, पण त्याच मशीनच्या कमाईवर पोरगी शिकली. माझी काही तक्रार नाही.”

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा कानामागे बारीकसं यंत्र होतं. खिडकीबाहेरच्या झाडाला नवी पालवी फुटली होती. तो तिथेच थबकला.

“पाखरं केवढी ओरडतायत गं! रोज असतात?”

“वसंत आला की असतातच हो!”

“हळू बोल. येतंय मला ऐकू.”

हळू बोलायची बायकोची सवयच मोडली होती. मग ती त्याच्याजवळ सरकली आणि काहीतरी बोलली. शिंपीणबाईंनी कान टवकारले, पण शब्द काही त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

“ऐकलं,” नवरा म्हणाला. “तरी पुन्हा एकदा म्हण.”