अकराव्या नंबरचं गाणं

मायलिस: एका मताने! एगोन, ऐकलंस का? फक्त एका मताने!

एगोन: ऐकलं.

मायलिस: आणि मी एवढी वर्षं समजत होते की चौथ्या आठवड्यात माझं गाणं दणकून आपटलं! तळाला गेलं असेल, कुत्र्यानेही विचारलं नसेल. आणि आज हा रेडिओवरचा पोरगा मजेत सांगतो, रविवारच्या पहिल्या दहा गाण्यांच्या जुन्या याद्या चाळल्या, तर ‘धक्क्यावरचा दिवा’ एका मताने बाहेर पडलं म्हणे! अरे, बटाटे काय चिवडत बसलायस? बोल की काहीतरी!

एगोन: दहाव्या नंबरावर कुठलं राहिलं म्हणाला तो?

मायलिस: तेच ते, कॅराव्हॅनचं. नवरा-बायको, कुत्रा आणि गाडीमागे डुलणारं घर. पुढचा अख्खा हिवाळा उच्छाद मांडला होता त्याने. दर रविवारी आपण जेवायला बसलो की सुरू. तू लगेच उठून रेडिओ बंद करायचास. मला इतकं बरं वाटायचं रे तेव्हा. वाटायचं, तोंडाने बोलत नाही, पण याला माझं दुःख कळतं.

एगोन: मायलिस.

मायलिस: काय?

एगोन: सॉस दे जरा.

मायलिस: तुझ्यासमोरच आहे. काय होतंय तुला? चेहरा का पांढराफटक पडलाय? छातीत दुखतंय का?

एगोन: नाही. त्या आठवड्यात मला फोन आला होता.

मायलिस: कुणाचा?

एगोन: रेडिओवाल्यांचा. दर आठवड्याला देशभरातले साधेच श्रोते निवडायचे ना ते, आणि फोन करून विचारायचे, तुमचं मत कुठल्या गाण्याला. तू बँडबरोबर तालमीला गेली होतीस.

मायलिस: थांब. थांब हं जरा. तुला मत होतं? त्याच आठवड्यात? माझ्या नवऱ्याला?

एगोन: हो.

मायलिस: आणि हे तू मला आज सांगतोयस? पोरं वाढवली, त्यांची लग्नं झाली, नातवंडं झाली, आणि तू तोंडात गुळणी धरून बसलास?

एगोन: त्या फोनवरच्या बाई म्हणाल्या होत्या, कुणाला सांगायचं नाही.

मायलिस: निकाल लागेपर्यंत रे! मरेपर्यंत नव्हे!

एगोन: तसं त्या स्पष्ट बोलल्या नव्हत्या.

मायलिस: देवा! बरं. म्हणजे तुझं मत धरूनसुद्धा मी एकाने पडले. होय ना? एगोन? होय ना रे?

एगोन: तुला मत कसं देणार?

मायलिस: कसं म्हणजे? तोंडाने! फोनवर! गाण्याचं नाव घ्यायचं होतं नुसतं!

एगोन: बायको आहेस तू माझी. बरोबर दिसलं नसतं. मी पंच माणूस.

मायलिस: फुटबॉलचा पंच! जिल्ह्याच्या चिखलातल्या फुटबॉलचा! गाण्यात तुला शिट्टी कुणी दिली होती? माझंच चुकलं. ज्या माणसाने सख्ख्या भावाला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं, त्याच्याशी मी डोळे उघडे ठेवून लग्न केलं.

एगोन: त्याने पाय घातला होता.

मायलिस: पाय गेला खड्ड्यात! मग मत दिलंस तरी कुणाला?

एगोन: जाऊ दे ना.

मायलिस: एगोन. कुणाला?

एगोन: एका गाण्याचं नाव घ्यावंच लागेल म्हणाल्या. मी गडबडलो. पहिलं आठवलं ते सांगितलं.

मायलिस: कुठलं?

एगोन: कॅराव्हॅनचं.

(मायलिस उठते, रेडिओची वायर भिंतीतून उपटते आणि पुन्हा खुर्चीत बसते.)

मायलिस: माझं तर डोकंच चालेना. म्हणजे तुझं ते एक मत तिकडून काढून इकडे ठेवलं असतं, तर मी आत आणि कॅराव्हॅन बाहेर?

एगोन: हो. मघापासून तोच हिशेब करतोय. आवडलं होतं म्हणून नाही गं दिलं. भिकार होतं ते गाणं. म्हणून तर मी रेडिओ बंद करायचो. ऐकवायचं नाही मला.

मायलिस: आणि मला वाटलं, माझ्यासाठी करतोस!

एगोन: एका मताचा फरक होता हे मला खरंच ठाऊक नव्हतं. तेव्हा नुसते नंबर सांगायचे. शपथेवर सांगतो, आजच कळलं. तुझ्याबरोबर, आत्ता.

मायलिस: त्या यादीत असणं म्हणजे काय होतं, विसरलास? रविवारी अख्ख्या देशात बटाटे उकडायचे आणि रेडिओ लागायचा. बाबांनी बोट वर केलं की आम्ही पोरं काटासुद्धा वाजवायचो नाही. आपल्या भाषेतली गाणी, आपल्यासारख्याच लोकांनी म्हटलेली. कुणी दिवसा लाकूड कापायचा, कुणी गाई सांभाळायचा, आणि शनिवारी झुळझुळीत शर्ट घालून स्टेजवर. सोमवारी चर्चच्या पाद्र्यापासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळे त्यावरच भांडायचे. आणि त्यात तीन आठवडे मी होते, एगोन. मी! स्टॉकहोमची ती कंपनी म्हणाली होती, चौथा आठवडा टिकलीस तर अख्खी रेकॉर्ड काढू.

एगोन: ठाऊक आहे.

मायलिस: बँड मोडला. मी शाळेच्या स्वयंपाकघरात माशाचे तुकडे तळले, निवृत्त होईपर्यंत. त्याचं मला वाईट नाही, पोरं गोड होती. पण मी स्वतःला रोज समजावलं, बाई गं, लोकांना तू नको होतीस. गप्प बस. आणि मी गप्प बसले.

विवी-आन: दार उघडंच होतं, म्हणून आले गं! दालचिनीचे बन आणलेत. अगंबाई, काय झालं? कुणी गेलं का?

मायलिस: ये, विवी-आन. ग्रामसंस्थेच्या अध्यक्षीणबाईंनीच न्याय करावा. ज्या आठवड्यात माझं गाणं रेडिओवरच्या यादीतून पडलं, त्या आठवड्यात ह्याला मत होतं. आणि ते ह्याने मला दिलं नाही. बायको आहे म्हणून!

विवी-आन: काय सांगतेस! एगोन, खरं की काय?

एगोन: खरं आहे.

विवी-आन: अरे बापरे! म्हणजे वाईटच झालं. फारच वाईट झालं. पण तसं म्हटलं तर... बरोबरच केलं म्हणायचं त्याने.

मायलिस: तूसुद्धा?

विवी-आन: अगं, जत्रेत केकची परीक्षक होते तेव्हा माझ्या बहिणीचा केक मी चाखलासुद्धा नाही. दोन वर्षं बोलत नव्हती माझ्याशी. पण लोक काय म्हणाले असते?

मायलिस: धन्य आहात! तिकडे उत्तरेतल्या त्या कॅराव्हॅनवाल्याच्या गावात सगळ्यांनी डोळे मिटून आपल्या माणसाला मत दिलं असेल. आणि आमच्या गावात एक नग निघाला, तो नेमका माझ्या बिछान्यात!

विवी-आन: हसवू नकोस मला. मी कामाला आलेय. एगोन, आता पळवाट नाही. समितीचं कालचं घोंगडं अजून भिजत पडलंय.

मायलिस: कालचं म्हणजे, आज रात्री तळ्याकाठच्या नाचघरातल्या कार्यक्रमात शेवटचं गाणं कुणी म्हणायचं, त्याचीच ना ती बैठक? एगोन म्हणाला, अजून ठरलं नाही.

विवी-आन: ठरणार कसं? तिघं म्हणाले, मायलिसने ‘धक्क्यावरचा दिवा’ म्हणावं. तिघं म्हणाले, त्या गॅरेजवाल्या पोरांना इंग्रजी गाणी म्हणू द्या, हल्ली सगळं तसंच चालतं. तीन-तीन. आणि सातवा सदस्य मतदानाच्या आधी उठून बाहेर गेला आणि पायरीवर कॉफी पीत बसला.

मायलिस: सातवा कोण?

विवी-आन: तुला सांगितलं नाही ह्याने?

मायलिस: एगोन! काल? कालसुद्धा?

एगोन: नियमच आहे तो. घरचा विषय निघाला की खोलीबाहेर जायचं.

मायलिस: अरे माणसा! मी विवी-आनला काय सांगितलं होतं? समितीने मत देऊन बोलावलं तर गाईन, नाहीतर नाव काढू नका. पुन्हा लोकांकडून ‘नको’ ऐकायचं नव्हतं मला. एवढं एकच मागितलं होतं. आणि तू पायरीवर कॉफी पीत होतास!

एगोन: साखर घातली नव्हती.

मायलिस: गप्प बस!

विवी-आन: बाकीच्या सगळ्यांना फोन करून विचारून आलेय. एगोनने मत दिलं तर कुणाचीही हरकत नाही. ती पोरांच्या बाजूची तिघं तर उलट म्हणाली, दे म्हणावं बाबा एकदाचं. बोल.

एगोन: विवी-आन, लिहून घे. माझं मत मायलिसला.

विवी-आन: झालं! चार-तीन.

मायलिस: नको. पुसून टाक ते. आता मला घाबरून देतोय. दया म्हणून. असलं मत मला नको.

एगोन: दया नाही.

मायलिस: मग काय? मघापर्यंत नियम होता, आता कुठे गेला? आणि मी गाऊ कशी? इतक्या वर्षांत तोंड उघडलं नाही. आवाज म्हातारा झाला असेल. फाटला असेल.

एगोन: फाटलेला नाही.

मायलिस: तुला काय माहीत?

एगोन: तळघरात कपडे धुताना गातेस ना. मशीन सुरू झालं की तू सुरू होतेस.

मायलिस: मशीनच्या आवाजात ऐकू येतं?

एगोन: वरून नाही येत. मी जिन्यात येऊन बसतो.

मायलिस: कधीपासून?

एगोन: पहिलं मशीन घेतलं तेव्हापासून.

विवी-आन: मी बन ठेवते इथे. निघते. सातला बँड येईल.

मायलिस: विवी-आन, थांब. त्यांना सांग, मूळच्यापेक्षा दोन सूर खाली धरा. आणि कुणी कॅराव्हॅन वाजवलं तर मी स्टेजवरून उतरेन.

विवी-आन: सांगते! सगळ्यांना सांगते!

मायलिस: गेली. आता माझ्याकडे बघून सांग, एगोन. तो आवाज. खरंच अजून बरा आहे?

एगोन: चांगला आहे. तेव्हाही सगळ्यांत चांगलं तूच गात होतीस.

मायलिस: हे नवरा म्हणून सांगतोयस ना?

एगोन: नाही. पंच म्हणून.