हसणारे तसेच राहिले

(पेणच्या खाडीकाठचं घर. ओटीवर गोदूबाई आणि रोह्याहून आलेली भाविका. भाविकाच्या मांडीवर आठ महिन्यांची मनस्वी.)

भाविका : तिला आधीच बजावलं होतं हो, मावशी. तिच्या जोडीच्या ऋतुजानं. म्हणाली, त्या मुलाला बाहेर काढतेस तर काढ, पण त्याच्यावर जे हसतील त्यांचं लिहिलेलंही पुसून टाक. नाहीतर तो एकटाच उघडा पडेल. तर ही म्हणते, बघते नंतर, बाळाला भरवायचंय.

गोदूबाई : थांब गो बाय. मना काय समजत नाय. प्रविनची वलख हाय बोललीस, आनि आल्यापासना ती-ती करतंस. कोन ती?

भाविका : ती... प्रविण मोबाईलवर गडाचा खेळ खेळायचा ना? पाच जणांनी मिळून गड राखायचा?

गोदूबाई : खेलायचा. कानाला लावून वरडायचा. मी बोलायची, तुजा गड पडंल तवा पडंल, त्याच्या आधी आमचा पत्रा पडंल.

भाविका : ते खेळणाऱ्यांचा एक कट्टा आहे, मोबाईलवरच. तिथं लिहून गप्पा मारतात, हजारो माणसं. कुणी कुणाला वाईट बोललं तर ते पुसायचं, फारच झालं तर त्याला काही दिवस बंद करायचं, यासाठी चार मॉडरेटर असतात. राखणदार म्हणा. ती त्यातली एक.

गोदूबाई : मिठाच्या आगरावर मुकादम असतंय तसा.

भाविका : तसंच. फक्त पगार नसतो.

गोदूबाई : मंग मुकादमी कशाला करायची? बरा, ऱ्हाऊ दे. माज्या पोरानं काय केलान?

भाविका : कुणी हरलं की हा त्याच्या नावानं लिहायचा. ‘काय रं, गड राखायला बसवला नि तू घोरत व्हतास? जा, आयशीच्या पदराखाली नीज.’ पुण्याच्या एका मुलानं तक्रार केली, की हा मला छळतो.

गोदूबाई : छलतो? अगो, आगरावर कोनाच्या डोक्यावरशी मिठाची टोपली सांडली ना, तर अख्खा आगर त्याच्या नावानं वरडतंय. मी नवी नवरी व्हती तवा माजी सांडली. सासरा बोलला, आली बघा, खाडीला खारट करायला. मना रडू येत व्हता, त्याचा हसूच जाला. सगली गप ऱ्हायली असती तर मी तिथंच मेली असती लाजंनं. आमच्यात गप कवा ऱ्हातात? घरातला मानूस जातंय तवा.

भाविका : माहीत आहे मला.

गोदूबाई : तुला कसा माहीत?

भाविका : मी इथल्याच गागोद्याची, मावशी. आमच्याकडे मीठ नाही, भात. पण भारा डोक्यावरून घसरला की आत्या-काकू अशाच तुटून पडायच्या.

गोदूबाई : गागोद्याची? मंग अशी पेपरात लिवल्यावानी काय बोलतंस?

भाविका : कॉलेजात हसायची मुलं. तेव्हापासून सवय लागली.

गोदूबाई : आनि त्या बाईला कोनी नाय सांगितला, का आमच्यात असाच बोलतात?

भाविका : प्रविणनंच सांगितलं. तिला खाजगीत लिहिलं. ‘ताई, मी त्याला हसवत व्हतो. तुमी सांगा ना त्यांना.’

गोदूबाई : मंग?

भाविका : तिनं त्याला महिन्यासाठी बंद केलं. आणि सगळ्यांना दिसेल असं वर लिहून ठेवलं. ‘ही कुठली भाषा आणि हे कुठले संस्कार? ज्यांना माणसांत बसायची सवय नाही, त्यांनी इथे येऊ नये.’

गोदूबाई : मानसांत.

भाविका : हो. त्याखाली लोक हसायला लागले. शेकड्यांनी. मिठागरवाला म्हणाले. त्याचा आगरावरचा कुठलासा फोटो शोधून काढला आणि डोक्यावर टोपली चिकटवली. ते पुसायला हवं होतं. नियमानं तेच आधी पुसायला हवं होतं. त्याला वाचता येत होतं सगळं, फक्त उत्तर देता येत नव्हतं.

गोदूबाई : किती दिस ऱ्हायला तसा?

भाविका : एकोणीस.

गोदूबाई : जेवताना बघत बसायचा. मी बोलली, काय हाय त्यात, तर पालथा घालायचा. एक दिस मोबाईल माज्या हातात दिलान. आय, तूच ठेव बोलला. कंपनीनं कामावरना कमी केला ना, तवा पन असा नाय जालता. तवा मोबाईल व्हता, त्यातली पोरा व्हती. आता उठतंय नि बांधावर जाऊन बसतंय. माजा भाव कान्हू त्याच्या मागशी जातंय, कामधंदा सोडून. दोघं बसतात. कोन काय बोलत नाय.

भाविका : आत्ता तिथंच आहे?

गोदूबाई : तिथंच. मना सांग, त्या बाईला पोराबाला हायत का?

भाविका : एक मुलगी.

गोदूबाई : आनि तरी? तिच्या पोरीला उद्या चारचौघांत कोनी असा... तू पोरीला दे इकडं. कवाची धरून बसलीस.

भाविका : असू दे. आधी ऐका, मग घ्यावीशी वाटली तर घ्या.

गोदूबाई : काय ऐकू?

भाविका : ती मीच, मावशी.

गोदूबाई : कोन ती?

भाविका : ती बाई. मीच लिहिलं ते.

गोदूबाई : तू.

भाविका : हो.

गोदूबाई : गागोद्याची.

भाविका : हो.

गोदूबाई : मंग तुला समजत व्हता त्याचा बोलना.

भाविका : शब्द न् शब्द. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलेसुद्धा. आत्याच आठवली. मग त्या पुण्याच्या मुलानं विचारलं, ताई, तुमचाही एखादा शब्द असाच येतो, तुम्हीही याच्यासारख्या रायगडच्या का? कट्ट्यावर सगळ्यांना मी पुण्याची वाटते. मीच तसं सांगितलं होतं. मला वाटलं, आता माझ्यावर येईल. म्हणून त्याच्यावर जरा जास्तच जोरात लिहिलं.

गोदूबाई : आनि हसनाऱ्यांचा पुसायचा, तर पोरीला भरवायचा व्हता.

भाविका : भरवून झालं होतं. ही झोपली होती. मी तासभर बसून ते हसणं वाचत होते. त्यात माझं नाव नाही ना, एवढंच बघत होते.

गोदूबाई : तासभर.

भाविका : हो. शिव्या द्या.

गोदूबाई : पोरीला दे.

भाविका : मावशी—

गोदूबाई : दे बोलली ना. तिनं काय केलान? घामाघूम जाली ही.

भाविका : गाडीत निडी स्टेशनपर्यंत रडत होती.

गोदूबाई : घराचा पत्ता कुठशी गावला तुला?

भाविका : गेल्या वर्षी तो स्पर्धा जिंकला होता. बक्षिसाचा टीशर्ट मीच पाठवला होता इथं.

गोदूबाई : काला? तो आंगावरशी काढायचा नाय. वला असला तरी घालायचा. आता तो बघ, चुलीजवल फडका हाय.

भाविका : मी बांधावर जाते. त्याच्या पाया पडते.

गोदूबाई : नको. तुला बघून तो उठंल नि म्होरं जाईल. म्होरं खाडी हाय.

भाविका : मग मी काय करू? ते सगळं मी काल पुसलं.

गोदूबाई : ज्यांनी वाचला त्यांच्या डोस्क्यातना पुसलास? जिथं बोललीस तिथंच बोल. संध्याकालला कान्हू त्याला दाखवंल. बघंल तर बघंल.

भाविका : घरी गेल्यावर लिहिते. नीट विचार करून.

गोदूबाई : परत नंतर? आता लिव. पोर माज्याकडं हाय. आनि पेपरातला नको, मना समजला पायजे. वाचत-वाचत लिव.

भाविका : ‘मी भाविका, तुमची मॉडरेटर. मी पुण्याची नाय. गागोद्याची हाय, रोह्याला दिलेली.’

गोदूबाई : हां. रडू नको. रडलीस म्हनून मी हसंन असा वाटत असंल तर नाय हसनार. आमी आपल्या मानसाला हसतो. लिव म्होरं.

भाविका : ‘ज्या पोराला मी बाहेर काढलं, तो बोलतो तसंच आमच्यात पण बोलतात. मला सगलं समजत व्हतं. मला लाज वाटली, त्याची नाय, माजी. म्हणून मी त्याला गप केलं नि हसणारे तसेच ठेवले.’ प्रविणचं नाव घालू?

गोदूबाई : नको. नाव लय जाला त्याचा.

भाविका : ‘त्यानं काय बी वाईट केलं नव्हतं. वाईट मी केलं. आजपासना मी राखणदार नाय.’

गोदूबाई : जाला?

भाविका : अजून थोडं आहे.

गोदूबाई : वाच. हलू वाच, पोरगी निजली.

भाविका : ‘आता हे वाचतोस ना तू, तुला सांगते. तुमच्यातला कोण रोज बडबडायचा नि आता किती दिवस गप हाय, ते आठव. त्याच्या घरी जा. लांब असला तर फोन लाव, उचलला नाय तर परत लाव. मी एकोणीस दिवस उशिरा आले. तू आत्ताच जा.’